अटकेपासून सुरतेपर्यंत

राघोबादादांचे नाव निघाले की आपल्या घरांतून दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. पहिली अटकेच्या झेंड्याची आणि दुसरी 'ध' चा 'मा' झाल्याची. पहिली सांगताना आजोबांची मान ताठ होई आणि दुसरी सांगताना आजीचा आवाज खाली येई. या दोन गोष्टींत मिळून आपण एका माणसाचे एकोणपन्नास वर्षांचे आयुष्य संपवून टाकतो. तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ती पुण्याची नव्हे, लाहोरचीही नव्हे. ती आहे सुरतेची, म्हणजे आपल्या बडोद्याहून रेल्वेने अवघ्या दोन-अडीच तासांच्या वाटेवरची. मराठ्यांचे राज्य दूरदेशीच्या एका व्यापारी कंपनीने कसे घेतले हे समजून घ्यायचे, तर पानिपतापेक्षा आणि खडकीच्या लढाईपेक्षाही या तिसऱ्या गोष्टीकडे अधिक लक्ष दिले पाहिजे, असे मला वाटते.

इतिहास हा माझा पेशा नव्हे. वडील दरबारचे गवई होते. मी गाणे शिकवून पोट भरतो. परंतु ज्या घरात दरबारचे नाव हात जोडून घेतले जाते, त्या घरातल्या मुलाला केव्हा ना केव्हा हा प्रश्न पडतोच, की पुण्याचा दरबार बुडाला आणि बडोद्याचा राहिला, हे कसे? त्याचे उत्तर शोधताना मी वारंवार दादासाहेबांपाशी येऊन थांबलो.

रघुनाथरावांचा जन्म १७३४ च्या ऑगस्टात साताऱ्याजवळ माहुली येथे झाला. थोरले बाजीराव आणि काशीबाई यांचे हे चिरंजीव. नानासाहेबांहून चौदा वर्षांनी धाकटे. वडिलांचा सहवास त्यांना फारसा लाभला नाही. १७४० च्या एप्रिलात नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव वारले, तेव्हा हे मूल सहा वर्षांचेही नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस चुलते चिमाजीअप्पाही गेले. या चिमाजीअप्पांनी १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून साष्टी घेतली होती आणि दोन वर्षे झुंजून, हजारो माणसे खर्ची घालून, १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला सर केला होता. साष्टी आणि वसई ही दोन नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. पुढे सारे त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

दादासाहेब शूर होते, याविषयी त्यांच्या शत्रूंनाही शंका नव्हती. एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे १७५३ मध्ये, त्यांनी दमाजीराव गायकवाडांना बरोबर घेऊन अहमदाबाद काबीज केले. गुजरातेत मराठ्यांचे पाय पक्के रोवले गेले ते या मोहिमेने. म्हणजे आपल्या पूर्वजांना या प्रांती जी भाकरी मिळाली तिच्यात दादासाहेबांच्या तलवारीचाही वाटा आहे. पुढे ते उत्तरेत गेले. १७५७ मध्ये दिल्ली, १७५८ च्या मार्चमध्ये सरहिंद आणि एप्रिलात लाहोर, अशी त्यांची घोडदौड झाली. दादासाहेब स्वतः लाहोरहून माघारी फिरले. अटकेच्या किल्ल्यापर्यंत पोचल्या त्या त्यांच्या सरदारांच्या तुकड्या. तरी मोहीम त्यांची, आणि कीर्तीही त्यांची.

पण ते परत आले ते तिजोरी भरून नव्हे, कर्जाचा बोजा घेऊन. मुलूख जिंकावा, त्याचा बंदोबस्त मात्र दुसऱ्याने करावा, असा त्यांचा स्वभाव होता. हिशेबाला कडक असलेल्या सदाशिवरावभाऊंना हे खपणारे नव्हते. पुढची मोठी मोहीम भाऊंकडे गेली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे व्हायचे ते झाले. पाच महिन्यांनी नानासाहेबही गेले. बाजीरावांच्या घरातला वडीलधारा, अनुभवी आणि विजयी पुरुष म्हणून आता दादासाहेबच उरले होते. गादीवर मात्र बसला सोळा वर्षांचा पुतण्या माधवराव.

येथून त्यांच्या आयुष्याचा सूर बदलला. त्यांना गादी हवी होती. ती आपल्या हक्काची आहे असे त्यांना मनापासून वाटत होते, आणि ते वाटणे अगदीच अस्वाभाविक होते असे म्हणता येत नाही. परंतु घरचा वाद घरात मिटवण्याऐवजी बाहेरचा हात धरण्याची सवय त्यांना याच काळात लागली. १७६२ मध्ये त्यांनी निजामाची मदत घेऊन पुतण्याशी लढाई मांडली. राज्य फुटू नये म्हणून माधवराव आळेगावच्या मुक्कामी स्वतः होऊन चुलत्याच्या स्वाधीन झाले. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, राक्षसभुवनावर त्याच निजामाच्या फौजेच्या गराड्यात दादासाहेब सापडले असता पुतण्याने धावून जाऊन त्यांना सोडवले. एवढे होऊनही मन निवळले नाही. १७६८ च्या जूनमध्ये धोडपच्या लढाईत माधवरावांनी त्यांचा पराभव केला आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. धोडपला दमाजीरावांनी आपला मुलगा गोविंदराव फौजेसह दादासाहेबांच्या मदतीला पाठवला होता, ही गोष्ट बडोदेकरांनी विसरू नये. चुलत्या-पुतण्याच्या भांडणाची धग त्याच वेळी आपल्या उंबऱ्याला लागली होती.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव वारले. नारायणराव पेशवे झाले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांचा खून केला. पुतण्याला धरण्याची परवानगी दादासाहेबांनी दिली होती. मारण्याची दिली होती की नाही, अक्षर कोणी बदलले, हा वाद अडीचशे वर्षे चालू आहे आणि तो येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना दोषी ठरवले आणि पुण्याचा दरबार सोडला, एवढे पुरे. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी एकजूट केली. तिलाच आपण बारभाईचे कारस्थान म्हणतो. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर गंगाबाईंना मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बालकाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. दादासाहेबांचे हक्काचे बोलणे त्या दिवशी संपले.

ते उत्तरेकडे निघाले. शिंदे-होळकर आपल्याला उचलून धरतील अशी आशा होती. ती फळाला आली नाही. आनंदीबाई गरोदर होत्या, म्हणून त्यांना धारच्या किल्ल्यात ठेवले. तेथे १७७५ च्या जानेवारीत मुलगा झाला. त्याचे नाव आजोबांचे ठेवले, बाजीराव. वडील त्या वेळी गुजरातेत होते. बडोद्यात फत्तेसिंगराव आणि बाहेर वेढा घालून बसलेले गोविंदराव, असा गायकवाडांचा भाऊबंदकीचा डाव रंगला होता. दादासाहेब गोविंदरावांना येऊन मिळाले. एका घरफुटीला दुसऱ्या घरफुटीचा आसरा! तोही टिकला नाही. फेब्रुवारीत हरिपंत फडक्यांनी महीकाठी त्यांना गाठून उधळून लावले. थोडक्या स्वारांनिशी ते खंबायतेस पळाले. तेथील नवाबाने वेशी लावून घेतल्या. खंबायतेत इंग्रजांचा एक वकील होता, चार्ल्स मॅलेट नावाचा. त्याने हालचाल करून त्यांना भावनगरच्या वाटेला लावले आणि तेथून समुद्रमार्गे, २३ फेब्रुवारीच्या सुमारास, अटकेचा हा विजयी वीर सुरतेच्या धक्क्यावर उतरला.

सुरत म्हणजे काय होते, हे सांगणे येथे अवश्य आहे. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये ती लुटली, एवढेच आपण शाळेत शिकतो. परंतु इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने या देशातली आपली पहिली पक्की वखार सुरतेतच घातली, १६१३ च्या सुमारास. दीडशे वर्षे हे लोक तेथे कापड, कापूस आणि नीळ खरेदी करीत राहिले, नवाबाला नजराणे देत राहिले आणि तापीकाठचा किल्ला बाहेरून पाहत राहिले. त्या किल्ल्यावर मुघलांच्या आरमाराचा अधिकारी म्हणून जंजिऱ्याच्या सिद्दीचा अंमल होता. १७५० नंतर नवाबीसाठी सुरतेत तंटे सुरू झाले. एका बाजूने कंपनीला बोलावले, व्यापाऱ्यांनीही शांतता हवी म्हणून तिच्याकडे पाहिले, आणि १७५९ च्या मार्चमध्ये किल्ला कंपनीच्या ताब्यात गेला. नवाब आपल्या जागी राहिला. चौथाई वसूल करायला पेशव्यांचे आणि गायकवाडांचे माणूसही शहरात राहिले. दरवाजाच्या किल्ल्या तेवढ्या हललेल्या होत्या. भांडणाऱ्यांपैकी एकाला हात द्यायचा आणि हाताचे मोल म्हणून किल्ल्या घ्यायच्या, हा धडा कंपनीने सुरतेत गिरवला आणि तो तिला चांगला पाठ झाला. दादासाहेब आले ते नेमके या शाळेत.

मुंबईकर इंग्रजांना काय हवे होते, तेही उघड होते. मुंबई बेट त्यांच्याकडे १६६८ पासून होते, पण ते लहान. धान्य, लाकूड, महसूल, सारेच अपुरे. उत्तरेला खाडीपलीकडे साष्टीचे मोठे सुपीक बेट आणि त्याच्यापुढे वसई. ही दोन्ही मराठ्यांची. मुंबईचा कारभार सदा तोट्यात. शिवाय भडोच-जंबुसरच्या कापसाला चीनच्या बाजारात गिऱ्हाईक मिळू लागले होते, आणि मुंबईच्या कौन्सिलातले बहुतेक साहेब कंपनीची चाकरी करता करता स्वतःच्या नावावरही व्यापार करीत. साष्टी मिळवा म्हणून लंडनच्या मालकांचा तगादा कित्येक वर्षांचा होता. वाटाघाटीने ती मिळाली नाही, तेव्हा पुण्यातल्या गोंधळाची संधी साधून १७७४ च्या डिसेंबर अखेरीस त्यांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतलाही. म्हणजे माल आधीच उचलला होता. पावती तेवढी हवी होती. पावतीवर सही करू शकेल असा पेशव्यांच्या घरचा माणूस स्वतःच्या पायांनी चालत सुरतेला आला.

६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह झाला. त्याची कलमे वाचावीत. राजाराजांत होणाऱ्या तहापेक्षा ती दुकानदाराच्या यादीसारखी वाटतात. कंपनीने अडीच हजार फौज द्यावी. तिच्या खर्चापोटी दादासाहेबांनी दरमहा दीड लाख रुपये द्यावेत. रोख नसल्यामुळे सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवावे. साष्टी, वसई आणि मुंबईजवळची बेटे कायमची द्यावीत. गुजरातेतील जंबुसर आणि ओलपाड द्यावेत, अंकलेश्वरच्या वसुलातून सालीना पंचाहत्तर हजार द्यावेत. भडोचच्या महसुलातील गायकवाडांचा हिस्साही त्यांच्याकडून सोडवून द्यावा. म्हणजे जे स्वतःचे होते ते दिले, जे पुण्याचे होते ते दिले आणि जे बडोद्याचे होते तेही द्यायचे कबूल केले.

मैफलीत साथीला बोलावलेल्या माणसाची बिदागी आधी ठरते, आणि बैठक संपली की ती घेऊन तो आपल्या घरी जातो. येथे साथीदाराने बिदागीत यजमानाचे घरच लिहून घेतले. दुःख असे, की देणाऱ्याला त्या घराची किंमत ठाऊक होती. आपल्या चुलत्याने वसई कशी घेतली हे ज्याने बाळपणापासून ऐकले, त्याच्याच हातून ती कागदावर गेली. त्या दिवशी दादासाहेबांपुढे दुसरा मार्ग कोणता होता, असा प्रश्न कोणी करील. मार्ग होता. पुतण्याच्या मुलाचा कारभारी म्हणून सन्मानाने राहण्याचा तो मार्ग होता, आणि त्यासाठी मान थोडी लववावी लागली असती. ती घरच्यांपुढे लववायची नाही म्हणून त्यांनी परक्यांपुढे हात पसरला.

पुढचा भाग आपल्या चरोतरात घडला. कर्नल कीटिंगची फौज खंबायतेला उतरली, दादासाहेबांच्या उरल्यासुरल्या स्वारांना मिळाली आणि १८ मे १७७५ रोजी आणंदजवळ अडास येथे हरिपंतांशी लढाई झाली. १९४२ च्या हुतात्म्यांमुळे अडासचे नाव बडोदेकरांना ठाऊक आहे. त्याच्या आधी पावणेदोनशे वर्षे त्याच मातीत हे रक्त सांडले होते. इंग्रजांची दोनशेवर माणसे कामास आली किंवा जखमी झाली, पण मैदान त्यांच्याकडे राहिले. पावसाळ्यात त्यांची छावणी डभोईस पडली. तोवर फत्तेसिंगरावांनीही काळ ओळखून कीटिंगशी आपला स्वतंत्र तह करून टाकला होता.

इतक्यात कलकत्त्याहून हुकूम आला. नव्या कायद्याने मुंबईचा कारभार कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारच्या हाताखाली गेला होता आणि त्या सरकारला न विचारता केलेले हे युद्ध त्याला मान्य नव्हते. कर्नल अप्टन पुरंदरास आला आणि १ मार्च १७७६ रोजी बारभाईंशी नवा तह झाला. सुरतेचा तह रद्द. दादासाहेबांनी नेमणूक घेऊन कोपरगावास राहावे. आणि साष्टी? ती मात्र इंग्रजांकडेच राहिली. युद्ध बेकायदा ठरले, करार रद्द ठरला, करार करणाराही वाऱ्यावर सुटला. फक्त वसुली कायम झाली. व्यापारी आणि राजा यांतला फरक ज्याला पाहायचा असेल त्याने हे एक कलम पाहावे.

पुढची सात वर्षे दादासाहेब इंग्रजांच्या तबकातले एक प्यादे होऊन राहिले. गरज लागली की पुढे सरकवायचे, नसली की बाजूला ठेवायचे. ते कोपरगावास गेले नाहीत. सुरतेहून १७७६ च्या नोव्हेंबरात मुंबईस गेले. १७७८ च्या अखेरीस मुंबईकरांनी त्यांना पुण्याच्या गादीवर बसवण्याचा पुन्हा घाट घातला. बोरघाट चढून आलेली ती फौज १७७९ च्या जानेवारीत वडगावात महादजी शिंद्यांनी कोंडली आणि इंग्रजांना नामुष्कीचा करार करावा लागला. दादासाहेब महादजींच्या स्वाधीन झाले. त्यांना बुंदेलखंडाकडे नेत असता वाटेत नर्मदेजवळ ते निसटले, आणि कोठे गेले? पुन्हा सुरतेस. जनरल गॉडर्ड तेव्हा तेथे फौज घेऊन आला होता. त्यांच्या पोटगीची सोय झाली, पण त्यांना गादीवर बसवण्याची निकड आता कोणाला उरली नव्हती. १७८० च्या डिसेंबरात गॉडर्डने वसई घेतली ती दादासाहेबांसाठी नव्हे.

याच काळात त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. आपली दाद लंडनला लागेल या आशेने त्यांनी हणमंतराव नावाचे ब्राह्मण वकील आणि त्यांच्याबरोबर एक पारशी गृहस्थ, असे इंग्लंडला पाठवले. १७८१ मध्ये तेथे या वकिलांच्या स्नानसंध्येची आणि स्वयंपाकाची सोय एडमंड बर्क या प्रसिद्ध मुत्सद्द्याने आपल्या गावच्या घरी करून दिली. आदरातिथ्य झाले, दाद काही लागली नाही. कंपनीच्या दारात न्याय मिळत नाही म्हणून तिच्या मालकांच्या दारात जावे, आणि मालकांनी नफ्यातोट्याचा ताळा पाहावा, हे त्या प्रवासाचे फळ.

१७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी आणि मुंबईच्या बंदरातली लहान बेटे इंग्रजांनी ठेवली. दादासाहेबांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक ठरली आणि इंग्रजांनी त्यांचा पक्ष कायमचा सोडला. त्यांनी गोदावरीकाठी कोपरगाव निवडले. जे गाव सात वर्षांपूर्वी मानाने मिळत होते, तेथे आता ते थकून आले. ११ डिसेंबर १७८३ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामागून तीन-चार महिन्यांनी आनंदीबाईंना आणखी एक मुलगा झाला. त्याचे नाव चिमाजी ठेवण्यात आले. ज्या चुलत्याची वसई सुरतेत लिहून दिली, त्याचेच नाव त्या घराने पुन्हा उच्चारले.

येथे मला दूरच्या एका बेटावरची राणी आठवते, आणि ती आठवण्याचे कारण माझ्या पेशातले आहे. मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवीत वाजवायची हवाईयन गिटार आपल्याकडे बरीच वर्षे घरोघर लोकप्रिय होती. ते वाद्य ज्या हवाई बेटांतून आले तेथली शेवटची राणी लिलिउओकलानी ही स्वतः उत्तम रचनाकार होती. तिची निरोपाची एक चाल जगभर पोचली. १८९१ मध्ये ती गादीवर आली. बेटांवर तोवर अमेरिकी मळेवाल्यांचे आणि साखरेच्या व्यापाऱ्यांचे बस्तान बसलेले होते. राज्यघटना बदलून राजसत्तेचे अधिकार परत आणण्याचा तिने विचार करताच, १७ जानेवारी १८९३ रोजी त्यांनी तिला पदच्युत केले. बंदरातल्या अमेरिकी युद्धनौकेवरून दीडशेवर शिपाई किनाऱ्यावर उतरलेले होते. रक्तपात होऊ नये म्हणून तिने निषेध नोंदवून सत्ता सोडली. १८९५ मध्ये तिला तिच्याच राजवाड्यातील एका खोलीत कैदेत ठेवले, आणि तेथेही ती गीते रचीत राहिली. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेस जोडली गेली. १९१७ मध्ये ती वारली. १९९३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने या कृत्याबद्दल ठराव करून माफी मागितली.

तेथला आणि येथला व्यापारी एकाच जातकुळीचा. फरक आहे तो घरातल्या माणसाचा. राणीने परक्यांना बोलावले नव्हते. ती आपले दार धरून उभी होती आणि ते मोडून ते आत आले. म्हणून तिचे राज्य गेले तरी तिची गाणी तिच्या लोकांच्या ओठांवर मानाने राहिली. आमच्याकडे दाराची कडी आतून निघाली. दादासाहेबांचे शौर्य त्या राणीहून शंभरपट अधिक असेल, पण त्यांच्या नावाने कोणी गात नाही.

आणि कडी एकदा निघाली की ती पुन्हा बसत नाही. खंबायतेत दादासाहेबांना वाट दाखवणारा तोच मॅलेट १७८६ मध्ये पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा पहिला रेसिडेंट म्हणून आला. १८०० मध्ये कंपनीने सुरतेच्या नवाबाचा उरलासुरला कारभार तनख्याच्या मोबदल्यात घेतला. नवाब हे नाव तेवढे १८४२ पर्यंत राहिले. धारच्या किल्ल्यात जन्मलेले ते मूल, दुसरे बाजीराव, होळकरांच्या भयाने पुण्याहून पळाले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी वसईलाच कंपनीशी तह केला. बापाने वसई लिहून दिली, मुलाने वसईत बसून राज्य लिहून दिले. सव्वीस लाखांचा मुलूख फौजेच्या खर्चासाठी गेला आणि सुरतेवरचे पेशव्यांचे हक्कही गेले. १८१८ च्या जूनमध्ये सालीना आठ लाखांवर बाजीराव विठूरास गेले.

आता तो प्रश्न, ज्यापासून मी निघालो. बडोदे का राहिले? मन कठोर करून उत्तर द्यायचे तर, आपणही तेच केले म्हणून. त्याच १८०२ साली कडीच्या मल्हारराव गायकवाडांशी झगडा लागला असता, आनंदराव महाराजांच्या वतीने दिवाण रावजी आप्पाजींनी कंपनीची फौज मागवली आणि तैनाती तह केला. सुरतेची चौथाई आणि चोऱ्याशीचा परगणा कंपनीला गेला. फरक इतकाच, की बडोद्याने सौदा पाळला आणि बडोदे कंपनीच्या उपयोगी राहिले. पुढे १८७५ मध्ये दुसऱ्या मल्हाररावांना कंपनीच्या वारसांनी गादीवरून काढले तेव्हा कळले, की गादी आपली असली तरी तिच्या किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला होत्या. त्याच वर्षी दत्तक आलेल्या सयाजीरावांनी त्या मर्यादेतही शाळा, ग्रंथालये, गायनशाळा उभारून या शहराला जे दिले, ते देणे फेडता येणारे नाही. माझ्या घरची चूल त्याच देण्यावर पेटली, आणि वाचकांपैकी अनेकांच्या घरचीही. म्हणून दादासाहेबांना नुसती नावे ठेवून आपल्याला मोकळे होता येत नाही. ज्या कागदाने पुणे बुडाले त्याच जातीच्या कागदावर आपली चार पिढ्यांची स्वस्थता उभी होती.

सुरतेचा किल्ला आजही तापीकाठी उभा आहे. तेथील महानगरपालिकेने त्याची डागडुजी करून तो लोकांना पाहण्यासाठी खुला केला आहे. सुट्टीत मुलांना घेऊन सुरतेस जाणाऱ्यांनी तासभर तेथे जरूर घालवावा. अटकेची गोष्ट मुलांना आजोबा सांगतीलच. नारायणरावांची गोष्ट नाटकांतून कळेलच. ही तिसरी गोष्ट मात्र आईबापांनी त्या तटाशी उभे राहून सांगावी. आणि सांगताना, घरात दोन भावांचे बिनसले तर आधी कोणाच्या दाराशी जायचे नाही, एवढे तिच्यातून मुलांना उमजले की पुरे.